टॉमकॅटचा सर्व्हर की क्लाउड प्लॅटफॉर्म? दूध संकलनाच्या सॉफ्टवेअरचा अनुभव

पहाटपाळी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमचं काम दूध संस्थांच्या सॉफ्टवेअरचं. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यातल्या गावांत लोक सकाळ-संध्याकाळ संस्थेत दूध घालायला येतात. काट्यावर लिटर पडतात, मशीनवर फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅटशिवायचे घन पदार्थ) लागतं, पावती निघते आणि दर दहा दिवसांनी बिल होतं. हे सगळं गेली बारा वर्षं एका जावा ॲप्लिकेशनवर चाललंय. एक टॉमकॅट (जावा ॲप्लिकेशन चालवणारा सर्व्हर), एक पोस्टग्रेस (डेटाबेस), दोन्ही एकाच मशीनवर.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात हे मशीन आमच्या ऑफिसच्या तळमजल्यावर होतं. पाणी दारात यायच्या आत आम्ही दोघांनी ते उचलून वर नेलं, पण वीज गेली ती गेलीच. महामार्ग बंद पडलेला, जनरेटरला डिझेल मिळेना. पाणी ओसरल्यावर ते मशीन परत खाली लावलं नाही. नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटासेंटरं भरपूर आहेत, तिथल्या एका कंपनीचा सर्व्हर भाड्याने घेतला. विजेची, एसीची, बॅटऱ्यांची चिंता मिटली. बाकीचं घरकाम आमच्याच गळ्यात राहिलं: लिनक्सचे पॅच, जावाची आवृत्ती, सर्टिफिकेटची मुदत, बॅकअप, आणि डिस्क भरत आली की कॅटलिनाचे, म्हणजे टॉमकॅटचे, लॉग (नोंदींच्या फायली) कापणं.

आता मालकांचं म्हणणं आहे की क्लाउडवर जाऊया. त्यासाठी मी दोन महिने एका प्लॅटफॉर्म सेवेवर चाचणी घेतली. काय दिसलं ते इथे सविस्तर लिहितोय, कारण शोधताना मला मराठीत असं कुठे सापडलं नाही.

आधी एक फोड करून घेतो. क्लाउडमध्ये नुसतं मशीन भाड्याने घेणं वेगळं. ॲमेझॉनने ईसीटू २००६ मध्ये आणलं तेव्हापासून ते करता येतं. त्यात सर्व्हरचा पत्ता बदलतो, पण कामं तीच राहतात. प्लॅटफॉर्म सेवेत मशीन तुमचं नसतंच. तुम्ही फक्त कोड किंवा वॉर फाइल (जावा ॲप्लिकेशनचं गाठोडं) द्यायची, ते कुठे चालवायचं, किती प्रती चालवायच्या, कधी बंद करून दुसरीकडे उभं करायचं हे प्लॅटफॉर्म ठरवतं. हेरोकू, एप्रिल २००८ मध्ये आलेलं गूगल ॲप इंजिन, २०११ चं ॲमेझॉनचं इलॅस्टिक बीनस्टॉक, मायक्रोसॉफ्टचं अझूर ॲप सर्व्हिस, ही त्यातली ठळक नावं. धागा या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

ॲप्लिकेशन चढवायला मला एक दुपार लागली. लॉगिन झालं, रिपोर्ट उघडले, सगळे खूश. पाच संस्थांचा डेटा जुन्या सर्व्हरबरोबरच नव्या ठिकाणीही सोडायला लागलो. महिनाअखेरीला लिटरची बेरीज ताडून पाहिली तर जवळपास जुळली. पण दहा दिवसांची बिलं काही केल्या जुळेनात.

दोन दिवस शोधल्यावर एका उत्पादकाच्या १० तारखेच्या सकाळच्या दोन पावत्या दिसल्या. एक सहा वाजताची, दुसरी पाच वाजून बारा मिनिटांची. दोन वेळा दूध कसं घातलं? संस्थेच्या सचिवांना फोन केला. ते म्हणाले, "पाच बाराची पावती अकरा तारखेची आहे. त्या दिवशी ते लवकर आले होते, लग्नाला जायचं होतं."

तेव्हा उलगडा झाला. प्लॅटफॉर्मचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतं आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे पहाटे साडेपाचच्या आत काट्यावर आलेलं प्रत्येक लिटर आदल्या दिवसात पडत होतं. इतर कुठल्या धंद्यात हे वर्षभर कुणाच्या लक्षात आलं नसतं, कारण पहाटे पाचला कोण बिल फाडतं? दुधाच्या धंद्यात तीच तर वेळ. महिन्याची बेरीज महिन्याच्या कडेला तेवढी हलते, पण १, ११ आणि २१ तारखेच्या पहाटेचं दूध मागच्या बिलात जातं. माणसाच्या हातात येणारे पैसे चुकतात.

जुन्या सर्व्हरवर बारा वर्षांपूर्वी कुणीतरी टाइमझोन कोलकाता, म्हणजे भारतीय वेळ, लावला होता. कोडमध्ये त्याचा कुठेही उल्लेख नाही. ॲप्लिकेशन त्या मशीनच्या भरवशावर होतं आणि ते आम्हाला माहीतही नव्हतं.

दुसरी गोष्ट फायलींची. संस्थांचे लोगो आणि उत्पादकांच्या बँक पासबुकांचे फोटो आम्ही मशीनच्या एका फोल्डरमध्ये ठेवत होतो. चाचणीत संध्याकाळी चढवलेले फोटो सकाळी गायब. कुठे एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही. तिथली डिस्क तात्पुरती असते, प्रत नव्याने उभी राहिली की कोरी पाटी.

तिसरी गोष्ट बिलाच्या बटणाची. आमचं दहा दिवसांचं बिल एका क्लिकवर व्हायचं आणि सहा मिनिटं चालायचं. टॉमकॅटने कधी तक्रार केली नाही. हेरोकूत ३० सेकंदांत उत्तराची सुरुवात झाली नाही तर वाट बघणं थांबतं, अझूर ॲप सर्व्हिसमध्ये ही मर्यादा २३० सेकंदांची आहे. दोन्हीकडे आमचं बिल अर्ध्यात तुटणार.

माझं मत असं झालंय: एकाच सर्व्हरवर वाढलेलं ॲप्लिकेशन त्या सर्व्हरच्या सवयी अंगी लावून घेतं. डिस्क कायम आहे, घड्याळ आपलं आहे, मेमरी आपली आहे, आपण एकटेच आहोत, असं ते धरून चालतं. प्लॅटफॉर्म यातली एकेक समजूत काढून घेतो. म्हणून महिन्याच्या भाड्याची तुलना करण्याआधी या समजुती मोजाव्यात. माझ्या अजून किती राहिल्यात हे तुमच्याकडून कळलं तर हवंय.

---

थ्रेडडंप

उत्तम धागा. पाच बाराची पावती वाचून अंगावर काटा आला.

दोन समजुती माझ्याकडून. पहिली मेमरीची. भाड्याच्या सर्व्हरवर ८ जीबी असेल तर जावाला ४ जीबी हीप (तिची कामाची मेमरी) देऊन निवांत राहता येतं. प्लॅटफॉर्मवर छोटा कंटेनर, म्हणजे आखून दिलेला कप्पा, मिळतो, समजा ५१२ एमबीचा. काही सांगितलं नाही तर आजची जावा त्यातला पाव भाग हीपला घेते, म्हणजे १२८ एमबी. त्यात तुमचं ॲप्लिकेशन धापा टाकत चालेल. उलट, जावा ८ ची १९१ च्या आधीची आवृत्ती असेल तर तिला कंटेनरची भिंत दिसतच नाही, खालच्या अख्ख्या मशीनची मेमरी ती आपली समजते. मग हीप फुगतं आणि वरून प्रोसेस मारली जाते. एक्झिट कोड १३७ दिसला की समजा हेच झालं. जावाला आपण मेलो हेही कळत नाही, त्यामुळे हीप डंपही (तपासायला मेमरीची नक्कलही) मिळत नाही.

हीप किती घ्यायचं ते स्वतः लिहून द्या, आणि थ्रेडना, मेटास्पेसला, बफरना (हीपबाहेर लागणारी मेमरी) वेगळी जागा सोडा. सगळा कंटेनर हीपला देऊन टाकणारे मी खूप पाहिलेत.

दुसरी समजूत डेटाबेस कनेक्शनची. तुमच्या पूलमध्ये (उघडून ठेवलेल्या कनेक्शनच्या साठ्यात) किती कनेक्शन आहेत?

---

पहाटपाळी

हिकारी ही पूलची लायब्ररी वापरतो. आकडा दिलेला नाही, म्हणजे १०.

---

थ्रेडडंप

पोस्टग्रेसची मुळातली मर्यादा १००. सकाळी गर्दी वाढली आणि प्लॅटफॉर्मने आपणहून बारा प्रती उभ्या केल्या की १२० कनेक्शन मागितली जाणार. दहा प्रती उभ्या राहतील, अकरावी दारातच पडेल. मग प्लॅटफॉर्मला वाटणार ही प्रत आजारी आहे, तो ती मारून पुन्हा उभी करणार, आणि ती पुन्हा तेच करणार.

नवी आवृत्ती चढवतानाही हाच घोळ. जुन्या प्रती बंद होण्याआधी नव्या सुरू होतात, तेवढा वेळ कनेक्शन दुप्पट लागतात. भर सकाळी डिप्लॉय केलं तर सहा प्रतींवरही हा अनुभव येतो. म्हणून प्रतींच्या संख्येला वरची मर्यादा घाला, पूल लहान करा, आणि प्रती खरंच वाढणार असतील तर मध्ये पीजीबाउन्सरसारखं, कनेक्शन वाटून देणारं काही ठेवा. एका टॉमकॅटवर २०० थ्रेड आणि १० कनेक्शन हे गणित बारा वर्षं चाललं, कारण रांग टॉमकॅटच्या आत लागत होती. आता ती डेटाबेसच्या दारात लागेल.

---

कृष्णाकाठ

आम्ही पतसंस्थांचं सॉफ्टवेअर करतो. आमचा गाडा अडला तो आयपी पत्त्यावर.

बँकेकडे रक्कम जमा करायची फाइल पाठवायची तर बँक तुमचा ठरावीक आयपी तिच्या यादीत घालून घेते. एसएमएसवाल्यांचंही बऱ्याचदा तसंच. स्वतःच्या सर्व्हरला एक आयपी असतो, तो वर्षानुवर्षं बदलत नाही. प्लॅटफॉर्मवरून बाहेर जाणारी विनंती कुठल्या पत्त्यावरून जाईल हे तुमच्या हातात नाही. चाचणीत सगळं चालतं, कारण चाचणीत बँक नसते. खऱ्या दिवशी फाइल जाते आणि समोरून नुसती शांतता. उपाय आहे, बाहेर पडायला वेगळा गेटवे घ्यायचा. पण त्याचं भाडं तासावर असतं आणि वरून जीबीमागे आणखी. भाड्याच्या पहिल्या कोष्टकात हा आकडा कुणीच धरत नाही.

आणि पहाटपाळी दादा, बिलाचं रात्रीचं काम ॲप्लिकेशनच्या आतच ठरलेल्या वेळी सुरू होतं का? तसं असेल तर दोन प्रती चालू असताना ते दोनदा होईल. आमच्या खातेदारांना व्याज जमेचे मेसेज दोन-दोन गेले. पैसे एकदाच जमा झाले होते, पण दुसऱ्या दिवशी शाखेत माणसांची रांग लागली आणि प्रत्येकाला समजावताना कर्मचाऱ्यांची दमछाक झाली.

---

पहाटपाळी

हो, आतच आहे. हे माझ्या यादीत नव्हतं. आजच लिहून घेतो. ही सगळी कामं वेगळ्या वर्करमध्ये (पाठीमागे चालणाऱ्या प्रोग्राममध्ये) काढायची आणि डेटाबेसमध्ये कुलूप घालून एकदाच होतील असं करायचं ठरवतोय. सहा मिनिटांचा प्रश्नही त्यानेच सुटेल: बटण दाबलं की काम रांगेत जाईल, पडद्यावर प्रगती दिसेल.

---

जुनापार

मी २००२ पासून ॲप्लिकेशन सर्व्हरवर काम करतोय. वेबलॉजिक, वेबस्फिअर, मग जेबॉस. नव्या मुलांना ॲप्लिकेशन सर्व्हर म्हणजे अडगळ वाटते, म्हणून थोडं लिहितो.

डिसेंबर १९९९ मध्ये जे-टू-ई-ई हे मोठ्या जावा ॲप्लिकेशनांसाठीचं मानक आलं तेव्हा जे वचन दिलं होतं, तेच आज प्लॅटफॉर्म देतोय. तुम्ही धंद्याचं गणित लिहा, बाकीचं कंटेनर बघेल. कंटेनर हा शब्दही तेव्हाचाच. कनेक्शन पूल, व्यवहाराची हमी, लॉगिन, सेशन दुसऱ्या मशीनवर नेणं, सगळं सर्व्हर पुरवायचा. एक क्लस्टर, त्यात चार नोड, वर ॲडमिन कन्सोल. एक नोड काढला तरी लोकांचं चालू काम तुटायचं नाही. हे आम्ही त्या काळात रोज करत होतो.

मग बिनसलं कुठे? एका सर्व्हरवर वीस-पंचवीस ॲप्लिकेशनं बसायची. एकाने मेमरी गिळली की सगळी आडवी. एकाला नवी जावा हवी आणि दुसऱ्याला जुनी, की वर्षभर बैठका. वॉर बदलून दहा-बारा वेळा डिप्लॉय केलं की पर्मजेन (जावाचा क्लास ठेवायचा मेमरीचा कप्पा) भरायचं आणि अख्खा सर्व्हर रिस्टार्ट करावा लागायचा. जावा ८ ने २०१४ मध्ये पर्मजेन काढलं तेव्हा आमच्या टीमने चहा-भजी मागवली होती. त्याच वर्षी स्प्रिंग बूट १.० हे जावाचं फ्रेमवर्क आलं आणि उलटी गंगा वाहू लागली. आधी ॲप्लिकेशन टॉमकॅटच्या पोटात जायचं, आता टॉमकॅट ॲप्लिकेशनच्या पोटात जातं. एक जार, जावाच्या एका आज्ञेवर चालणारा. तो तयार झाल्यावर डॉकर (ॲप्लिकेशन कंटेनरात भरून चालवणारं साधन) आणि प्लॅटफॉर्म यांना काम सोपं झालं.

धागाकर्त्याला माझा सल्ला: आधी तुमचा वॉर स्प्रिंग बूटच्या जारमध्ये आणा आणि आहे त्याच सर्व्हरवर चालवा. तेवढ्यानेच निम्म्या लपलेल्या गोष्टी बाहेर येतील. सर्व्हर डॉट एक्सएमएलमध्ये कुणी काय लिहून ठेवलंय, लिब फोल्डरमध्ये कुठला ड्रायव्हर हाताने टाकलाय, पर्यावरणात कुठला पासवर्ड आहे, सगळं कोडच्या शेजारी लिहावं लागतं. त्यानंतर प्लॅटफॉर्मवर जायचं की नाही हा निर्णय खूप हलका होतो.

---

डोंगरवाट

पण बोला ना पैशांबद्दल. शेवटी मालक तेच विचारणार.

३७सिग्नल्स या सॉफ्टवेअर कंपनीने क्लाउड सोडल्याचं सगळ्यांना माहीत असेल. २०२२ मध्ये त्यांचा क्लाउडचा खर्च ३२ लाख डॉलर होता. त्यांनी स्वतःची मशीनं घेतली, डेटासेंटरमध्ये लावली आणि डिप्लॉय करायला कमाल नावाचं साधन स्वतः लिहून सगळ्यांना खुलं केलं. एवढी नावाजलेली कंपनी परत फिरते तर आपण उलट्या दिशेने का जायचं?

---

निळी शाई

डोंगरवाट, ते उदाहरण मलाही पटतं, पण इथे लागू करताना जपून. त्यांच्याकडे सर्व्हर सांभाळणारी अनुभवी माणसं आधीपासून होती आणि वापर बराचसा स्थिर होता. ज्या टीममध्ये सर्व्हर सांभाळणारा एकच माणूस आहे आणि तो आजारी पडला की पासवर्ड कुणाला माहीत नाही, तिथे ते गणित बसत नाही. पहाटपाळींच्या ऑफिसात असे किती जण आहेत?

खर्चाचं मला जे कळतं ते सांगते. भाड्याच्या सर्व्हरचं बिल सपाट असतं, दर महिन्याला तेच. प्लॅटफॉर्मचं बिल वापराबरोबर हलतं. दुधाचं काम सकाळी तीन तास आणि संध्याकाळी तीन तास, म्हणजे वर-खाली होणारं, त्यामुळे कागदावर प्लॅटफॉर्म स्वस्त दिसणार. पण त्यात एक खोच आहे. रात्री प्रती शून्यावर आणल्या तर पहाटे पहिल्या संस्थेची विनंती येईल तेव्हा जावा उठायला वेळ घेणार. त्या वेळी काट्यासमोर माणसं किटल्या घेऊन उभी आहेत. म्हणून एक प्रत चोवीस तास जागी ठेवावीच लागते आणि मग बचत बरीच आटते.

बाकी लपलेले खर्च म्हणजे बाहेर जाणारा डेटा, ठरावीक आयपी, लॉग साठवणं. ॲमेझॉनने १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला अर्धा सेंट लावलाय, महिन्याला साडेतीन डॉलरच्या वर. एकट्याने मोठी रक्कम नाही, पण अशा दहा ओळी मिळून बिल होतं. वर १८ टक्के जीएसटी. ज्या संस्थेला त्याची वजावट मिळत नाही तिच्यासाठी तो खर्चच. आणि दर डॉलरवर ठरतात, त्यामुळे रुपया घसरला की काही न बदलता बिल वाढतं.

---

पहाटपाळी

आमच्याकडे सर्व्हर कळणारा मी एकटा. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं तेव्हा घरी आई आजारी होती आणि मी दवाखान्याच्या जिन्यात लॅपटॉप उघडून डिस्क साफ करत बसलो होतो. सर्व्हर सुरक्षित होता, नवी मुंबईत कोरडा, पण लॉगने डिस्क भरली होती. मालकांना क्लाउड हवंय त्यामागे हा प्रसंग आहे, फॅशन नव्हे. ते म्हणाले, तुझ्या एकट्याच्या खांद्यावर एवढ्या संस्था ठेवणं बरं नाही.

त्यामुळे बिल थोडं जास्त आलं तरी चालेल. मला एवढंच पाहायचंय की नेमकं कोणतं ओझं खांद्यावरून उतरतं आणि कोणतं तसंच राहतं.

---

सैलगाठ

ओझ्याच्या प्रश्नाला सुरक्षेच्या बाजूने उत्तर देतो. दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघा.

फेब्रुवारी २०२० मध्ये घोस्टकॅट नावाची खोट निघाली. टॉमकॅटचा दुसऱ्या वेब सर्व्हरशी बोलायचा एजेपी कनेक्टर, पोर्ट ८००९, मुळातच चालू असायचा आणि त्यातून सर्व्हरवरच्या ॲप्लिकेशनच्या फायली वाचता येत होत्या. ज्यांनी फायरवॉल नीट लावली नव्हती ते उघडे पडले. प्लॅटफॉर्मवर असता तर हे दार तुमच्या अंगणात नसतंच.

डिसेंबर २०२१ मध्ये लॉग-फोर-शेल आलं. ती खोट लॉग लिहिणाऱ्या लॉग-फोर-जे लायब्ररीत होती आणि ती लायब्ररी तुमच्या वॉरच्या पोटात. प्लॅटफॉर्म तुमच्या वॉरमध्ये हात घालत नाही. त्या आठवड्यात स्वतःचा सर्व्हर असणारे आणि प्लॅटफॉर्मवाले दोघेही सारखेच जागे होते.

तर ऑपरेटिंग सिस्टिम, जावा, टॉमकॅट हे ओझं उतरतं. तुमच्या लायब्ऱ्या तुमच्याच.

उतरणाऱ्या ओझ्याची एक किंमतही आहे: वेळापत्रक त्यांचं. टॉमकॅट ८.५ ला आधार ३१ मार्च २०२४ ला संपला. टॉमकॅट १० मध्ये सर्व्हलेट, जेएसपी वगैरे पॅकेजांची नावं जाव्हॅक्सची जकार्ता झाली, जुना वॉर तसाच चालत नाही. स्वतःच्या सर्व्हरवर लोक जुनी आवृत्ती वर्षानुवर्षं तशीच चालवतात. ते धोक्याचंच आहे, पण धंदा चालू राहतो. प्लॅटफॉर्म मात्र तारीख सांगतो आणि त्या तारखेला हलावंच लागतं. हेरोकूने २८ नोव्हेंबर २०२२ पासून फुकटच्या योजना बंद केल्या तेव्हा कितीतरी जणांची छोटी कामं एका फटक्यात थांबली. दरवर्षी महिनाभर आवृत्त्या वर नेण्याला द्यायची तयारी ठेवा. आमच्याकडे ते काम मे महिन्यात असतं, कारण तेव्हा मागणी कमी.

---

अक्षरवेल

मी पीडीएफ आणि छपाईचं काम करते. तुमची पावती आणि बिल मराठीत निघतं का? निघत असेल तर एक समजूत तुमच्या यादीत नाही.

जुन्या सर्व्हरवर कधीतरी कुणीतरी देवनागरी फॉन्ट बसवलेला असतो. प्लॅटफॉर्मवर कोड ज्या मूळ प्रतिमेवर (सिस्टिमच्या तयार साच्यावर) उभा राहतो ती शक्य तितकी लहान केलेली असते. तिच्यात देवनागरी फॉन्ट नसतात, काहींत फॉन्ट शोधणारी यंत्रणाही नसते. मग नावाच्या जागी रिकामे चौकोन छापले जातात. चौकोन दिसले तर बरं, लगेच कळतं तरी. त्याहून वाईट म्हणजे फॉन्ट असतो पण जोडाक्षरं जुळवली जात नाहीत. वेलांटी अक्षराच्या मागे जाते, रफार सुटतो, 'सूर्यवंशी' मध्ये र आणि य पाय मोडून वेगळे उभे राहतात. पीडीएफ बनवायच्या काही जुन्या जावा लायब्ऱ्या देवनागरीची जुळणी करतच नाहीत.

नोटो किंवा लोहित देवनागरी ॲप्लिकेशनबरोबरच पॅक करा, सर्व्हरच्या फॉन्टवर विसंबू नका. आणि चाचणीला 'कऱ्हाड, सूर्यवंशी, दुग्ध, राष्ट्रीय, श्रीकृष्ण' एवढे शब्द छापून बघा. कऱ्हाडमधला ऱ्ह नीट आला तर बहुतेक सगळं येतं. माणसाचं नाव त्याच्या बिलावर नीट यायला हवं, ती साधी गोष्ट आहे.

---

पहाटपाळी

अक्षरवेल ताई, आत्ता छापून पाहिलं. चौकोन नाहीत, पण 'कऱ्हाड' तुटतंय. जुन्या सर्व्हरवर बरोबर येतं. तिथे बघितलं तर फॉन्टही वेगळा आणि पीडीएफची लायब्ररीही टॉमकॅटच्या लिब फोल्डरमध्ये हाताने टाकलेली, वॉरमधल्यापेक्षा नवी. जुनापार काकांनी सांगितलेलं तंतोतंत सापडलं.

---

हापूसवाट

देवगडहून. वाचतोय, छान चर्चा.

एक शंका. शेतकऱ्यांची बँक खाती परदेशातल्या सर्व्हरवर ठेवलेली चालतात का?

---

निळी शाई

कायद्याचा सल्ला वकिलांकडून घ्यावा. रिझर्व्ह बँकेचं एप्रिल २०१८ चं परिपत्रक पैसे देण्या-घेण्याच्या यंत्रणा चालवणाऱ्यांसाठी आहे, त्यांना तो डेटा भारतातच ठेवावा लागतो. दूध संस्थेचं सॉफ्टवेअर सरळ त्यात येत नाही. पण मुळात परदेशात ठेवायची गरजच काय? ॲमेझॉनचं मुंबई केंद्र २०१६ पासून आहे, मायक्रोसॉफ्टची केंद्रं पुणे, मुंबई, चेन्नईत २०१५ पासून आणि गूगलचं मुंबईत २०१७ पासून. फक्त खातं उघडताना मुळातली निवड अमेरिकेची असू शकते, ती बदलायला विसरू नका. हेरोकूच्या साध्या योजनेत अमेरिका आणि युरोप एवढेच पर्याय आहेत, म्हणजे शिरोळहून केलेली प्रत्येक क्लिक समुद्र ओलांडून येणार. पहाटे रांग असताना ते जाणवतं.

---

जुनापार

बॅकअपचं कुणी बोललं नाही, म्हणून पुन्हा लिहितो. प्लॅटफॉर्म रोज बॅकअप घेतो म्हणून निश्चिंत राहू नका. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्ती निधीचं गूगल क्लाउडवरचं एक खासगी क्लाउड पुसलं गेलं, उभारताना झालेल्या एका चुकीमुळे. सहा लाखांवर सभासद आठवडाभर खातं बघू शकले नाहीत. सावरताना त्यांना दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेल्या बॅकअपचीही मदत झाली.

तुमच्या सगळ्या संस्थांचा डेटाबेस डंप केला तर किती भरेल? एका साध्या डिस्कवर मावेल. रोज रात्री तो दुसऱ्या कंपनीकडे जाऊ द्या आणि महिन्यातून एकदा तो खरंच उघडतो का ते नव्या मशीनवर उभा करून बघा. न उघडून पाहिलेला बॅकअप मी बॅकअप धरत नाही.

---

पहाटपाळी

सात आठवड्यांनी परत आलो. काय केलं ते सांगतो.

पूर्ण प्लॅटफॉर्मवर उडी मारली नाही. पहिल्यांदा डेटाबेस हलवला, मुंबईतल्या व्यवस्थापित (क्लाउड कंपनीनेच सांभाळलेल्या) पोस्टग्रेसवर. माझ्या खांद्यावरचं सगळ्यात जड ओझं तेच होतं. ॲप्लिकेशनही मुंबईतल्याच एका लहान भाड्याच्या क्लाउड मशीनवर आणलं, पण आता टॉमकॅटशिवाय, स्प्रिंग बूटचा जार म्हणून. फोटो आणि लोगो ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये (क्लाउडवरच्या फायलींच्या कायमच्या कोठीत). बिल आणि मेसेज वेगळ्या वर्करमध्ये, कुलपासह. मशीनला ठरावीक आयपी आहे, त्यामुळे बँकेची यादी एकदाच बदलावी लागली. रात्रीचा डंप दुसऱ्या कंपनीकडे जातो, गेल्या रविवारी तो उघडून पाहिला, सव्वा तासात सगळं उभं राहिलं.

वेळेचं मात्र मुळापासून बदललं. आधी मी फक्त ॲप्लिकेशनचा टाइमझोन कोलकाता केला होता. तरी एक रिपोर्ट चुकत होता, कारण त्याची क्वेरी आजची तारीख डेटाबेसला विचारत होती आणि तो यूटीसीवरच. मग संकलन दिनांक आणि सकाळ-संध्याकाळ हे दोन वेगळे रकाने केले. ते संस्थेतलं मशीन पावती फाडतानाच भरतं. इंटरनेट नसलं तरी पावती तिथेच निघते आणि नंतर वर येते. तीन तास उशिरा आली तरी तारीख संस्थेची, सर्व्हरची नाही. हे खरं तर पहिल्या दिवसापासून असंच असायला हवं होतं.

आता कोडला मशीनची कुठलीच सवय नाही. पुढच्या मे महिन्यात, सैलगाठ यांनी सांगितल्याप्रमाणे, हाच जार प्लॅटफॉर्मवर चढवून दोन प्रतींची चाचणी घेणार आहे.

परवा ११ तारीख होती. पहाटे उठून पडद्यासमोर बसलो. पहिली पावती ५:०४ ला पडली, साडेसहा लिटर, म्हशीचं. तारीख ११. दुपारी त्या संस्थेच्या सचिवांनी मागच्या दहा दिवसांची बिलं काढून फोटो पाठवला. पहिल्याच ओळीत 'सूर्यवंशी', रफार जागेवर.

---

अक्षरवेल

आणि कऱ्हाड?

---

पहाटपाळी

तेही आलं. पत्त्याच्या ओळीत आहे, मोठं करून पाहिलं.